कुठली देवदिवाळी

१३ ऑक्टोबर, सोमवार

सर पूर्वी सांगायचे, यंत्राची नोंद यंत्र ठेवतं, आपली आपण ठेवायची. मी कधी ठेवली नाही. बावन्न वर्षांची बाई रोजनिशी लिहायला लागली की समजावं, एक तर डॉक्टरने सांगितलंय, नाहीतर घरात सासू मुक्कामाला आलीय. माझ्याकडे दोन्ही नाही. पण पुढचे काही आठवडे कुणाशी तरी बोललं पाहिजे, आणि घरात मी 'गॅमा किरण' म्हटलं की देवदत्तला जांभई येते. नवरा चांगला आहे, पण जांभई लपवत नाही.

तर नीट मांडून ठेवते. आकाशात एक जोडी आहे. एक तारा निळा, सूर्याच्या पंधरा पट वजनाचा, आणि इतका गरगर फिरणारा की स्वतःच्या कमरेभोवती वायूची चकती उडवत बसलेला. दुसरा मेलेला, म्हणजे फुटून उरलेला गोळा. इंदूरच्या एका टोकाच्या राऊपासून दुसऱ्या टोकाच्या देवास नाक्यापर्यंत मावेल एवढाच, पण वजन आपल्या सूर्याहून जास्त. दोघे फार लांबट वाटेने एकमेकांभोवती फिरतात. बहुतेक काळ एकमेकांपासून लांब, आणि एकतीस वर्षांतून एकदा अगदी जवळ. तेव्हा छोटा मोठ्याच्या चकतीत घुसतो, दोघांचे वारे एकमेकांवर आपटतात आणि तिथून अतिउच्च ऊर्जेचे गॅमा किरण सुटायला हवेत. निदान सरांचं गणित तसं म्हणतं. सर त्याला 'ठिणगी' म्हणतात.

मागच्या भेटीच्या वेळी, १९९४ साली, हे पकडेल अशी दुर्बीण नव्हती. सरांनी गणित छापलं आणि एका परिषदेत दोन मोठ्या लोकांनी ते हसण्यावारी नेलं. मी तेव्हा त्यांची एम.एस्सी.ची विद्यार्थिनी. परत येताना गाडीत सर एवढंच म्हणाले, 'पुढच्या वेळी बघू.' पुढची वेळ म्हणजे हा महिना. त्यांच्या हिशेबाने २७ तारीख, चार-पाच दिवस इकडे-तिकडे.

आता दुर्बीण आहे, लांब पहाडावर. तिथल्या रात्रीचा डेटा सकाळी इंदूरला माझ्याकडे येतो. आणि कृष्णराव सर एकोणऐंशीचे, बडा गणपतीजवळच्या घरात पलंगावर. हृदय थकलंय. डोळ्यांचा मधला भाग गेलाय, कडेचं दिसतं, समोरचं नाही. त्यांना वाचता येत नाही, आलेख दाखवला तर दिसत नाही. जे कळायचं ते माझ्या तोंडून.

१९ ऑक्टोबर, रविवार

सरांकडे गेले. खाली स्टीलच्या भांड्यांचं दुकान, वर हे लोक. मुलगा नोकरीला पुण्यात, म्हणून सगळं सुनेवर, मंजिरीवर. दार उघडताच ती म्हणाली, 'ताई, बरं झालं आल्या. बाबा सकाळपासून पूछताहेत, स्मिता आली का, ठिणगी आली का. शेजारच्या आंटींना वाटतंय की आमच्याकडे कोणाला बच्ची होणार है.'

सर हसले. मान थोडी तिरकी करून डोळ्याच्या कडेने मला बघितलं. असं बघितल्यावर ते फार लबाड दिसतात.

'आली का?'

'अजून वेळ आहे, सर.'

'मला घाई नाही. घाई यांना आहे,' म्हणून त्यांनी छातीवर बोट टेकवलं.

मंजिरीने विचारलं, 'पण ताई, दिवाळीच्या दिवसांत तरी सुट्टी ठेवायची ना?' मी तिला सांगितलं, आमच्या धंद्यात दिवाळीला सुट्टी नसते, होळीला पक्की. राखीला घरी, भाऊबीजेला दुर्बिणीवर. कारण गॅमा किरण जमिनीवर पोचतच नाही. हवेत शिरला की वर कुठेतरी निळसर चमक उठते, डोळ्याला कळायच्या कितीतरी आत ती विझते. ती पकडायची. चंद्र असला की ती चमक उजेडात बुडून जाते, म्हणून अमावास्येच्या आसपास काम आणि पौर्णिमेच्या आसपास दुर्बीण झाकलेली. सर मध्येच म्हणाले, 'चंद्र आमचा सावत्र भाऊ आहे,' आणि खोकत राहिले.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. पहाडावर ढग. डेटा शून्य. चकल्या मात्र झाल्या, आणि बऱ्या झाल्या.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आजची तारीख मी तीस वर्षं ऐकत आलेय. काही नाही.

गेल्या पाच रात्रींपैकी तीन ढगात गेल्या. दोन स्वच्छ. त्या दोन रात्रींत त्या जागेवरून आलेला सिग्नल म्हणजे नुसता गोंगाट. माझी विद्यार्थिनी निधी म्हणाली, 'मॅम, एकदम फ्लॅट है. मी दोनदा रन केलं. तिथे काहीच नाही दिसत आहे.' तिचा प्रबंध यावरच आहे. तिच्यावर ओरडावंसं वाटलं, पण तिची चूक काय? आकाशावर ओरडता येत नाही, म्हणून मी प्रिंटरवर ओरडले.

दुपारी सरांचा फोन. मंजिरी लावून देते.

'आली का?'

'ढग होते, सर.'

'बरं.'

एवढंच बोलणं. या कामात आपण काहीच करत नाही, हे पहिल्यांदाच इतकं जाणवलं. दुर्बीण मी हलवू शकत नाही, ढग तर नाहीच. तारे तर हजारो वर्षांपूर्वी जे करायचं ते करून बसलेत, आम्ही फक्त पोस्टमनची वाट बघतोय.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

काही नाही. चंद्र वाढतोय. परवापासून आठ तारखेपर्यंत दुर्बीण बंद.

तज्ज्ञांच्या आजच्या मीटिंगमध्ये एक तरुण गृहस्थ म्हणाले की मुळात हे मॉडेल जुनं आहे, आता त्यावर फार वेळ घालवू नये. मी म्हटलं, एकतीस वर्षांच्या हिशेबात चार दिवस उशीर झाला तर मॉडेल जुनं होत नाही, तुम्हाला घरून निघायला किती उशीर होतो ते तुमच्या बायकोला विचारा. सगळे हसले. मला आतून रडू येत होतं. सर चुकले असतील का, हा प्रश्न मी आज पहिल्यांदा मनात पूर्ण वाक्यात उच्चारला.

५ नोव्हेंबर, बुधवार

आमच्या सोसायटीत आज देव दिवाळी. गच्चीवर पणत्या, खाली मुलांचे फटाके, कुणीतरी खोपरा पॅटिस आणले होते. आपल्याकडे आज त्रिपुरी पौर्णिमा. आपली देवदिवाळी अजून पंधरा दिवसांनी, मार्गशीर्ष लागल्यावर, काळोख्या रात्री. आई त्या दिवशी देवांना वेगळा नैवेद्य करायची. ती गेली आणि घरातून ते गेलंच. आता मीसुद्धा देवदिवाळी म्हटलं की आजचीच धरते. इंदुरात राहून दोन-दोन दिवाळ्या कोण सांभाळणार.

चंद्र इतका भरला होता की पणत्या दिसत नव्हत्या. देवदत्त म्हणाला, 'किती सुंदर आहे बघ.' मी म्हटलं, 'माझ्या दृष्टीने हा बिघाड आहे.' तो म्हणाला, 'तुझ्याशी लग्न करणं म्हणजे एक कमाल है.' मग पॅटिसची प्लेट माझ्या हातात देऊन गेला.

८ नोव्हेंबर, शनिवार

परवा सरांना दवाखान्यात न्यावं लागलं. श्वास लागला होता. आज घरी आणलं. बरे झाले म्हणून नाही, तिथे ठेवून आता वेगळं काही करता येणार नाही म्हणून. डॉक्टर मंजिरीला जिन्यात सांगत होते, मी बाजूला उभी. ते म्हणाले, आनंदात ठेवा. हे ते लोक इतक्या सहज म्हणतात, जणू आनंद मेडिकल स्टोअरमध्ये मिळतो.

निघताना मंजिरी माझ्यामागे खालपर्यंत आली. दुकानातले लोक बघत होते तरी तिने माझा हात धरला.

'ताई, एक बोलू? सांगून टाका ना त्यांना. आ गई, करके. त्यांना कुठे दिसणार है. रात्री झोपेत पण तेच बडबडतात. मला तर हे काही समजत नाही, पण ते तुमच्या एका बोलण्यावर अटकलेले आहेत.'

'मंजिरी, हे असं नसतं गं.'

'कसं असतं मग?'

मी स्कूटर सुरू करून निघाले.

१० नोव्हेंबर, सोमवार

केलं.

दुर्बीण काल उघडली, तीही ढगात. सकाळी मंजिरीचा फोन, 'बाबांनी दूधही नाही घेतलं.' मी शिकवायचं सोडून गेले. वाटेत सगळं पाठ केलं. सिग्नल किती, त्यातली अनिश्चितता किती, कोणत्या ऊर्जेपर्यंत. सरांनीच ९४ साली काढलेला आकडा घेतला आणि किंचित खाली ओढला, कारण अगदी बरोबर आला असता तर त्यांना संशय आला असता. मी तयारीची पक्की आहे.

'आली, सर,' मी म्हणाले.

ते उठून बसायला बघत होते. मंजिरीने पाठीशी उशी लावली. त्यांनी मान तिरकी केली.

'केव्हा?'

याची तयारी केली नव्हती. इतके आकडे पाठ केले आणि तारीख विसरले. तोंडातून निघालं, 'देवदिवाळीला.'

'ती अजून यायची आहे ना?'

'आपली नाही, सर. इथली. पाच तारखेची.'

'अच्छा. इथली. चांदणं होतं का गं?'

'खूप. आमच्या गच्चीवर पणत्यांची गरजच नव्हती.'

'हो का,' सर म्हणाले.

मी वाट बघत होते की आता आकडा विचारतील. विचारला नाही. मला चक्क थोडं वाईट वाटलं. मग तेच म्हणाले, 'स्मिता, किती दिवस नीट झोपली नाहीस तू?' मी म्हटलं, झोपते की. ते म्हणाले, 'आता झोप लागेल तुला.' आणि माझ्या मनगटावर थोपटलं, कॉलेजात असताना पेपर वाईट गेल्यावर थोपटायचे तसं. मंजिरी दारात डोळे पुसत होती. तिने दूध पुढे केलं तर म्हणाले, नको, पोट भरलं.

आनंदाने माणसाची भूक जाते, हे खरं असावं. मी फार हलकी होऊन घरी आले. इतका चांगला दिवस किती महिन्यांत गेला नव्हता. चूक केली की बरोबर केलं याचा विचार उद्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मेथी निवडताना हात थांबला.

पाच तारखेला पौर्णिमा होती. पौर्णिमेला दुर्बीण झाकलेली असते. हे मला कुणी शिकवलं? सरांनी. आणि वर मी त्यांना चांदण्याचं वर्णन करून आले.

देवदत्तला सांगितलं. तो म्हणाला, 'चोरी करायला गेलीस आणि पत्ता लिहून आलीस.' मग माझं तोंड बघून म्हणाला, 'अगं, त्यांना औषधांची गुंगी असेल. नसेल आलं लक्षात.'

मलाही तसंच वाटतंय. लक्षात आलं असतं तर सर गप्प बसले नसते. माझ्या पहिल्या सेमिनारला एक शून्य चुकलं होतं, तर त्यांनी पन्नास माणसांसमोर मला खाली बसवलं होतं. चूक दिसली आणि सरांनी सोडली, असं झालेलं नाही. म्हणजे त्यांना कळलेलं नाही. रोज फोन यायचा तोही बंद आहे. विचारायचं काही उरलंच नाही ना आता. निश्चिंत असतील.

२० नोव्हेंबर, गुरुवार

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येणार.

काल सकाळी निधीचा फोन आला, 'मॅम, तुम्ही जल्दी या, मी काही बोलणार नाही, तुम्ही स्वतः बघा.' मी गेले. अठराच्या रात्रीच्या डेटात त्या जागेवर एक ठिपका. आम्ही सगळं उलटून-पालटून पाहिलं. कॅमेरा, हवा, शेजारचे तारे, सगळं ठीक. आज सकाळी एकोणीसच्या रात्रीचा डेटा आला आणि ठिपका अजून ठळक. ठिणगी येते आहे. जोडीची भेटच तीन आठवडे उशिरा होत होती. एकतीस वर्षांत तीन आठवड्यांची चूक म्हणजे काहीच नाही. आणि तेज बघितलं तर सरांच्या जुन्या आकड्याला लागून.

देवदत्त म्हणाला, 'जा ना मग, आत्ता सांग.' मी म्हटलं, नाही. आमच्यात खात्री सिग्मात मोजतात, गोंगाटाच्या वर पाच सिग्मा गेल्याशिवाय 'सापडलं' म्हणत नाहीत. आता साडेचार आहे. या वेळी मी पक्कं झाल्याशिवाय तोंड उघडणार नाही. खोटं बोलायला एकही सिग्मा लागला नव्हता, म्हणून आता खऱ्याला पूर्ण मोजून घ्यायचंय.

निधी खुर्चीवर बसून रडत होती आणि हसत होती. मी तिला चहा करून दिला. मला वाटतं मी तिला पहिल्यांदाच चहा करून दिला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

काल रात्री पाच ओलांडले. सकाळी मेल बघितला, पोळ्या टाकून तशीच निघाले. चौकातल्या सिग्नलवर लक्षात आलं, काल मार्गशीर्ष लागला. काल आपली देवदिवाळी होती. रस्त्यातच हसू आलं. मनात म्हटलं, झालं, सगळं आपोआप दुरुस्त झालं.

सर खूप उतरलेत. पण शांत. मंजिरी डाळ-भात भरवत होती आणि ते खात होते.

'सर,' मी म्हणाले, 'ती आली. काल रात्री. देवदिवाळीला.'

'हो. सांगितलंस की मला.'

'नाही सर, ती नाही. आपली देवदिवाळी. कालची. तेव्हा मी...' मंजिरीकडे बघितलं. ती घास हातात धरून थांबली होती. 'तेव्हा मी खोटं बोलले होते. आता खरंच आली आहे. चार रात्री सलग. पाच सिग्माच्या वर.'

सरांनी घास गिळला, पाणी मागितलं. मग मान तिरकी केली. 'खोटं बोललीस ते मला त्याच दिवशी कळलं, स्मिता. पौर्णिमा होती.'

'मग तुम्ही बोलला का नाहीत?'

'तू इतकी दमलेली होतीस.'

ते स्वतःच पुढे म्हणाले, अगदी हळू, दम घेत घेत. 'पहिल्या वेळी पौर्णिमा सांगितलीस. मग तुझ्या लक्षात आलं. आता काळोखी रात्र घेऊन आलीस. दुरुस्त करून आणलंस, हे चांगलं केलंस. विद्यार्थ्याने असंच करावं.'

'सर, शप्पथ.'

'शपथ नको घेऊस. माझ्यासाठी तर नकोच.'

मी फोन काढला, आलेख त्यांच्या डोळ्यांसमोर धरला, मग कडेला धरला, मग दुसऱ्या कडेला. त्यांना निळा चौकोन दिसला असेल, एवढंच. आकडा सांगितला तर हसून म्हणाले, 'हा तर माझाच आकडा. हाच आणणार तू.' त्यांचं बरोबर होतं. मागच्या वेळी मी तोच पाठ करून गेले होते.

मग म्हणाले, 'हे बघ. मी चुकलो. ते समजून घ्यायला मला चार-पाच दिवस गेले. वाईट दिवस होते ते. आता पचलं आहे. आता पुन्हा ताट वाढू नकोस. पेपर लिहिशील तेव्हा साफ लिही, कृष्णरावांचा अंदाज चुकला म्हणून. पळवाट ठेवू नकोस.'

'तुम्ही चुकला नाहीत, सर.' हे मी किती वेळा म्हणाले कोण जाणे. शेवटी मंजिरी म्हणाली, 'ताई, बस आता. त्यांना धाप लागतेय.'

मी जिन्यात बसले. त्यांना पटवायला माझ्याकडे माझ्या शब्दाशिवाय काहीच नव्हतं आणि तो मीच आधी वापरून टाकला होता.

२४ नोव्हेंबर, सोमवार

निधीला घेऊन गेले. वाटलं, तिचं ऐकतील. बिचारी हात जोडून म्हणाली, 'सर, सच्ची आली आहे. मी स्वतः रन केलं.' सरांनी तिला गाव विचारलं. तिने सांवेर सांगितलं. ते म्हणाले, 'तुझ्या मॅम फार चांगल्या आहेत. त्या सांगतील ते तू म्हणणारच. मीही माझ्या सरांसाठी म्हणालो असतो.' आणि तिला डब्यातला लाडू द्यायला लावला.

पुण्याला मुलाला फोन केला, तो म्हणाला, 'ताई, बाबांशी वाद कोण घालणार.' परदेशातल्या सहकाऱ्यांचा अभिनंदनाचा मेल मोठ्याने वाचून दाखवला तर सर म्हणाले, 'इंग्रजी छान लिहिलंस.'

निघताना मंजिरी आतून दार ओढून घेत बाहेर आली. 'ताई, रागावू नका. मीच तुम्हाला बोलली होती खोटं बोलायला, मला माहीत है. पण तुम्ही आला की मग दोन-दोन घंटे त्यांची साँस बसत नाही. बाकी दिवशी ते एकदम शांत असतात. खातात, झोपतात. आता तो विषय नका काढू. प्लीज.'

'पण ते बरोबर होते, मंजिरी. त्यांना हे कळायला नको?'

'काय करायचंय ताई बरोबर असून?' ती म्हणाली. तिने चिडून नाही विचारलं, खरंच विचारलं.

आयुष्यभर सरांनी मला उत्तरं शोधायला शिकवलं. याला मी नुसतंच 'बरं' म्हणाले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळचा आकडा आजवरचा सर्वांत मोठा. गोंगाटाच्या इतका वर की आता सिग्मा मोजायचं कुणी विचारतही नाही. मीटिंगमध्ये मॉडेल जुनं म्हणणाऱ्या त्या तरुण गृहस्थांनी मॉडेलला सरांचं नाव देऊया असं सुचवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा मायक्रोफोन बंद होता, मी तो बंदच ठेवला.

संध्याकाळी सरांकडे गेले. काही न्यायचं नव्हतं म्हणून केळी नेली. ठरवून गेले होते, विषय काढायचा नाही. निधीच्या हॉस्टेलच्या जेवणाचं बोललो, बडा गणपतीच्या खोदलेल्या रस्त्याचं बोललो. मंजिरी आत कुकर लावत होती. सरांचा आवाज आता तोंडाजवळ कान नेल्याशिवाय ऐकू येत नाही.

मग त्यांनीच विचारलं, 'स्मिता, तिकडे काही दिसतं का गं?'

त्यांचा चेहरा सरळ माझ्याकडे होता. मान तिरकी केली नव्हती, म्हणजे मी त्यांना दिसत नव्हते. कुकरची शिट्टी झाली. मंजिरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

'नाही, सर,' मी म्हणाले. 'काही नाही.'

सरांनी माझा हात चाचपून शोधला आणि धरला.

'आता खरं बोललीस,' ते म्हणाले.